मालवणचे खडक

नाचणगावात राहून समुद्रावर लेख लिहायचा म्हणजे ब्रह्मचाऱ्याने सासुरवाडीचे वर्णन करण्यासारखे आहे, असे आमच्या कॉलेजातले इतिहासाचे एक गृहस्थ म्हणाले. गृहस्थ स्वतः अविवाहित असून दुसऱ्यांची लग्ने जमवण्यात पटाईत आहेत. तेव्हा त्यांचे म्हणणे मी मनाला लावून घेतले नाही.

तसा आमचा समुद्राशी अगदीच संबंध नाही असे नाही. पुलगावजवळून वर्धा नदी वाहते. ती पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. म्हणजे आमच्या गावचे पाणी जन्मभर पूर्वेकडे धावते, आणि समुद्र पाहायला निघालेली माणसे मात्र पश्चिमेची गाडी पकडतात. पाण्याला वाट ठाऊक असते. माणसाला रेल्वेचे वेळापत्रक.

गेली वीस वर्षे मी वर्गात कोकणातली वर्णने शिकवते आहे. 'ओहोटी' म्हणजे काय, तर 'भरतीच्या उलट', असे सांगते; आणि 'भरती' म्हटले की निम्म्या वर्गाच्या डोळ्यांपुढे पोलीसभरती येते. 'बंदर' या शब्दावर तर दरवर्षी मागच्या बाकावर हशा पिकतो, कारण आमच्याकडे बंदर शेपूट घेऊनच येते. शब्द शिकवायचा तर वस्तू एकदा नीट पाहावी, या विचाराने मी गेल्या जानेवारीत मालवणला जायचे ठरवले. यजमान, दोन मुले आणि सासूबाई अशी पाच माणसांची स्वारी निघाली. सासूबाई माळकरी आहेत. मासळीच्या मुलखात माळकरी माणूस नेणे हे धाडसच, पण त्यांना घरी ठेवून जाणे हे त्याहून मोठे धाडस झाले असते.

प्रवासाबद्दल फारसे लिहीत नाही. पुलगावहून मुंबईकडची गाडी, तिथून कोकण रेल्वे, कुडाळला उतरून पुढे तासाभराचा रस्ता. कोकण रेल्वे १९९८ साली सबंध मार्गावर सुरू झाली. त्याआधी वऱ्हाडातल्या किंवा वर्ध्याकडच्या कुटुंबाने मालवण गाठणे म्हणजे अर्धी काशीयात्रा होती. आता चिपीला विमानतळही झाला आहे; तो आमच्या खिशाच्या वाटेवर नाही, एवढेच.

मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर किल्ला दिसतो. समुद्राच्या मध्यावर काळी तटबंदी, मागे आकाश, आणि मधल्या पाण्यात होड्यांची ये-जा. सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "माय वं, येवढं पानी, अन् प्याले एक घोट नाही!" वर्धा जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या बाईला समुद्राबद्दल पहिल्याप्रथम हेच सुचणार.

माझे लक्ष मात्र पाण्यावर नव्हते, पाण्यातून डोकावणाऱ्या काळ्या टाळक्यांवर होते. ओहोटी लागली होती आणि खडक एकेक करून वर येत होते. काही म्हशीच्या पाठीएवढे, काही नुसते पाण्यावर फेस उठवून आपली जागा सांगणारे. किल्ला इतका जवळ, पण आमची होडी सरळ जाईना. डावीकडे वळे, उजवीकडे वळे. आमच्या धाकट्याने नावाड्याला विचारले, "काका, समोर तर आहे. असे वाकडे का नेता?" नावाडी म्हणाला, "सरळ गेलास तर किल्ल्यार नाय, तळाक जातलास!"

मालवणची सगळी गोष्ट या उत्तरात आहे असे मला पुढे चार दिवस वाटत राहिले.

शिवाजी महाराजांनी हे कुरटे बेट निवडले ते या खडकांमुळे. जंजिऱ्याच्या सिद्दीला, गोव्याच्या फिरंग्याला आणि व्यापाऱ्याच्या वेषातल्या इंग्रजाला एकाच वेळी वचक बसवायचा, तर समुद्रातच ठाण मांडायला हवे होते. आणि ठाण असे हवे की ज्याची वाट घरच्या माणसालाच ठाऊक. खडकांमधली चिंचोळी पाणवाट माहीत असलेल्या स्थानिक कोळ्यांच्या साह्यावाचून हे जमणारे नव्हते. किनाऱ्यावरच्या मोऱ्याच्या धोंड्यापाशी पायाभरणीची पूजा झाली ती १६६४च्या नोव्हेंबरात, आणि १६६७ साली किल्ला पुरा झाला. बेट सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचे, तट सुमारे तीन किलोमीटर लांब, तीस फुटांच्या आसपास उंच, आणि रुंदी अशी की वरून गप्पा मारत चौघांनी जोडीने चालावे. पायाच्या दगडांच्या सांध्यांत शिसे ओतले, असे सांगतात. महादरवाजा तर बुरुजांच्या वळणात असा दडवलेला आहे की होडी अगदी तोंडाशी जाईपर्यंत दिसत नाही. १७६५ साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे बारसे केले. काही काळाने किल्ला करवीरकरांकडे परत आला आणि ते नाव मालवणात कोणाच्या जिभेवर बसले नाही.

शेजारचा पद्मगड, किनाऱ्यावरचा राजकोट, उत्तरेला कोळंबच्या खाडीच्या मुखाशी सर्जेकोट, ही सिंधुदुर्गाची भावंडे. थोरल्याच्या मानाने त्यांची आबाळ झाली आहे. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यात सिंधुदुर्ग आहे. त्याच्याच समोर, राजकोटला, महाराजांचा एक पुतळा २०२३च्या डिसेंबरात उभा राहिला आणि पुढच्याच ऑगस्टात कोसळला. २०२५ साली तिथे नवा उभारला. पलीकडे १६६७ सालचा तट दिसत असतो. यावर मी अधिक काही लिहीत नाही.

किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आहे. इथली महाराजांची मूर्ती आपल्या कॅलेंडरवरच्या चित्रासारखी नाही. दाढी नाही, आणि डोक्यावर नावाड्याची वाटावी अशी टोपी. मुलांना प्रथम ओळख पटेना. मला मात्र ती मूर्ती फार आवडली. समुद्रावर आलेला राजा समुद्रावरच्या माणसांसारखा दिसला तर त्यात नवल काय?

सासूबाईंचे समाधान झाले ते दुसऱ्याच ठिकाणी. किल्ल्यात तीन विहिरी आहेत: दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. भोवती खारा समुद्र आणि आत गोडे पाणी! त्यांनी ओंजळीने चव घेतली आणि हात जोडले. मुलीने लगेच शास्त्र सांगितले: पावसाचे पाणी बेटाच्या पोटात मुरते, ते खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगून राहते, आणि बेताने उपसले तर वर्षभर पुरते, हावरेपणाने उपसले तर खालचे खारे पाणी वर चढते. "म्हंजे देवानं मापून देल्लं हाय," सासूबाई म्हणाल्या. आजी आणि नात यांच्या बोलण्यात मला फारसा फरक दिसला नाही. बाटलीभर पाणी पुलगावपर्यंत आले आणि आता ते देवघरात गंगेच्या शेजारी आहे.

जेवणाची चिंता मी उगाच वाहत होते. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी सासूबाईंची माळ पाहिली आणि वेगळ्या भांड्यांत वेगळा स्वयंपाक मांडला. काळ्या वाटाण्याचे सांबारे, आंबोळ्या, घावन, सोलकढी, आणि एके दिवशी नारळाच्या गोड रसात बुडवलेली खापरोळी. बाकीच्या चौघांनी बांगडा आणि सुरमई यांच्यावर जो हात मारला त्याचा तपशील सासूबाई हा अंक वाचतात म्हणून देत नाही.

आता पाण्याखालच्या मालवणाबद्दल. आमची मुलगी सोळा वर्षांची आहे, पोहायला शिकली आहे ती पुलगावच्या नदीत. तिने पाठीवर नळकांडे बांधून बुडी मारण्याचा हट्ट धरला. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे त्याचे शिक्षणकेंद्रच आहे. शिवाय मालवणच्या किनाऱ्यावर पोरासोरांना दहा-पंधरा मिनिटे पाण्याखाली नेऊन आणणाऱ्या होड्या पुष्कळ. ती वर आली तेव्हा पहिले वाक्य बोलली ते असे: "आई, ते खडक जिवंत आहेत." वर दिसतात ती काळी टाळकी, खाली त्याच खडकांच्या अंगाखांद्यावर प्रवाळ वाढलेले असते. प्रवाळ म्हणजे आपल्या अंगठीतले पोवळे नव्हे; ही बारीक जीवांची वसाहत. एकेक जीव तांदळाच्या दाण्याएवढा, पण हजारो मिळून स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात, आणि त्यांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शेवाळ त्यांना अन्न पुरवते. पाणी फार दिवस जास्त तापले की हे शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. पुढे पाणी निवले नाही तर मरते. त्याच्या कपारींत लहान मासे वाढतात, त्यांच्यावर मोठे जगतात, आणि बाहेर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात कुबडे डॉल्फिन त्या सगळ्यांवर नजर ठेवून असतात. ते आम्हाला एका सकाळी देवबागच्या बाहेर दिसले. तीन पाठी वर आल्या, गेल्या, आणि धाकट्याने मोजायच्या आत समुद्र पुन्हा कोरा.

मालवणचे पाणी अंदमानासारखे काचेचे नाही, हे सांगितले पाहिजे. इथे नद्या गाळ आणतात, पावसाळा चार महिने सगळे ढवळतो. डिसेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात स्वच्छ. या गढूळतेतही प्रवाळ तग धरून आहे याचेच जाणत्यांना अप्रूप वाटते. १९८७ साली सरकारने इथले सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केले. किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालचा भाग त्याचा गाभा. मच्छीमारांनी पहिल्यापासून विरोध केला. त्यांचे म्हणणे समजायला कठीण नाही. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, ते एका सकाळी कागदावर दुसऱ्याचे झाले. आमच्याकडे व्याघ्रप्रकल्पाच्या कडेची माणसे याच सुरात बोलतात.

मुलीने सांगितलेली दुसरी गोष्ट मला आवडली नाही. छायाचित्रात मासे जास्त यावेत म्हणून बरोबरचा माणूस पावाचे तुकडे टाकत होता, आणि एक गृहस्थ तोल सावरायला सरळ प्रवाळावर उभे राहिले. आणखी दोन होड्यांनी तिथेच नांगर टाकले. जे वाढायला वर्षानुवर्षे लागली त्याचा एका नांगराने भुगा होतो.

थायलंडमध्ये फी फी बेटांवर माया बे नावाचे एक सुंदर उपसागराचे वळण आहे. २००० साली आलेल्या एका इंग्रजी सिनेमात ते झळकले आणि जगाने तिकडे धाव घेतली. दिवसाला हजारोंनी माणसे येऊ लागली, होड्यांच्या नांगरांनी आणि माणसांच्या पायांनी प्रवाळाची दैना केली, तेव्हा २०१८ साली तिथल्या सरकारने ते बंद करून टाकले. २०२२च्या जानेवारीत उघडले, ते माणसे मोजून सोडण्याच्या अटीवर. आमच्या ओळखीचे एक कुटुंब नुकतेच तिथे जाऊन आले. गुडघ्यापुढे पाण्यात जाऊ देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. मला वाटते, थायलंडच्या सरकारने निदान भीडभाड ठेवली नाही. आपल्याकडे भीड फार, आणि ती नेमकी नको तिथे.

पण मालवणात प्रश्न नुसत्या प्रवाळाचा नाही. तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे आम्ही दांडीच्या किनाऱ्यावर रापण पाहायला गेलो. होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकून आणायचे आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसांनी ओढायच्या, ही रापण. तांडेल हाकारा देतो, सगळे मिळून मागे सरकतात, वाळूत टाचा रुततात. कमीत कमी तासभर हे चालते. यजमान आणि धाकटा यांनीही दोरीला हात लावला. जाळे आले तेव्हा त्यात तारली होती, थोडे बांगडे होते, आणि बरेचसे पाणी. म्हाताऱ्या तांडेलाने वाटे घातले आणि चार बांगडे उचलून धाकट्याच्या हातात ठेवले. जो दोरी ओढील त्याला मासळी, हा तिथला रिवाज. मुलगा गोंधळून आजीकडे पाहू लागला. माळकरी बाई, हातात मासे. सासूबाई म्हणाल्या, "वाटा हाय तुह्या मेहनतीचा. वापस नको करू." बांगडे मग घरच्या बाईंच्या चुलीवर गेले.

मला आमच्याकडची कापसाची वेचणी आठवली. तिथे किलोवर मजुरी मिळते; सहज आलेल्या पोराने चार बोंडे वेचली म्हणून त्याला कोणी वाटा देत नाही. रापण हा धंदा आहे तसा तो एक कारभार आहे, सगळ्या वाड्याचा. आणि तो आटत चालला आहे. आम्हाला किल्ल्यावर नेणारा नावाडी त्या दिवशी दोरीवर होता. मी त्याला विचारले, रोज येता का? तो म्हणाला, "खंयचा रोज! मासोच किनाऱ्याक येणा नाय, मास्तरीणबाय. आता माशांपेक्षा माणसांची रापण बरी पडता." आणि हसला.

मासा किनाऱ्याला का येत नाही याला कारणे अनेक सांगतात, पण त्यांच्या तोंडी पहिले नाव पर्ससीनचे. बटव्याचे तोंड नाडीने आवळावे तसा या जाळ्याचा तळ आवळला जातो, आणि बांगड्याचा किंवा तारलीचा सबंध थवाच्या थवा यंत्रबोटीत येतो. जो थवा उद्या किनाऱ्याशी आला असता तो आज बाहेरच संपतो. एका बोटीवर थोडी माणसे, आणि त्यांच्यामागे चाळीस जणांची दोरी ढिली. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, आणि रात्री पाण्यावर प्रखर दिवे लावून केलेली मासेमारी केंद्र सरकारने २०१७ साली बंद केली. तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. समुद्रावर चौकी कुठे बसवायची?

आमच्या भागातली कापडगिरणी बंद पडली तेव्हा माणसे भाजीच्या गाड्या लावू लागली, रिक्षा चालवू लागली. उपाशी कोणी राहिले नाही, पण साच्यावर बसणाऱ्याला जी अक्कल होती ती त्याच्या मुलाला भाजीच्या गाडीवर मिळण्यासारखी नव्हती. मालवणात तेच चालले आहे, फरक इतकाच की इथे नव्या धंद्याला पैसा बरा आहे. नावाड्याचा मुलगा पर्यटकांना पाण्याखाली नेतो, मराठी, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी बोलतो. त्याच्याबद्दल बाप अभिमानाने सांगत होता आणि मला त्यात खेद करण्यासारखे काही दिसले नाही. मात्र मतलई वारा किती वाजता पडेल, भांगाच्या भरतीला कुठला खडक बुडत नाही, उधाणाला कुठून होडी काढावी, हे त्या मुलाला किती येते असे मी विचारले, तेव्हा नावाडी थोडा थांबला. "येता थोडा. इंजीन आसा ना आता." खडकांना तिथे नावे आहेत, एकेकाला. मी वहीत उतरवून घेऊ लागले तेव्हा त्याने ती भराभर सांगितली, आणि सातव्या-आठव्या नावावर दोरीवरचा दुसरा म्हातारा म्हणाला, तो नव्हे, त्याच्या पलीकडला. आणि दोघांची तिथेच वादावादी जुंपली. मराठीच्या प्राध्यापिकेला याहून गोड भांडण ऐकायला मिळणे नाही. शेजारचा तरुण मुलगा मोबाइलवर पर्यटकांशी भाड्याचे बोलत होता.

हे खडक एकाच वेळी किल्ल्याचे रक्षक, माशांचे घर आणि पर्यटकांचे आकर्षण आहेत, आणि तिन्हींचा ताळमेळ ज्याला ठाऊक तो माणूस दोरी सोडून होडीचे तिकीट फाडतो आहे. अभयारण्याच्या सरकारी कागदांत या माणसाला आजवर अडथळा समजले गेले. मी असते तर त्यालाच रखवालदार नेमले असते, पगार देऊन. नांगर कुठे टाकू नये हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला सांगता येणार आहे?

जाणाऱ्यांसाठी थोडे सांगते. मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत किल्ल्याच्या होड्या बंद असतात. जून आणि जुलै हे दोन महिने राज्यभर यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. नारळी पौर्णिमेला धक्क्यावर समुद्राला नारळ देतात आणि नारळ लढवण्याच्या चुरशीला सगळा गाव लोटतो. नाताळात जाऊ नये; त्या आठवड्यात मालवणात मासे कमी आणि मोटारी जास्त. जानेवारीचा मधला आठवडा उत्तम. दशावताराचा खेळ कुठे आहे याची चौकशी संध्याकाळी चहाच्या दुकानात करावी, पाटीवर दिसत नाही. देवबागच्या संगमावर वाळूचे एक बेट आहे, २००४च्या सुनामीत वर आले म्हणतात. त्यावर चहाभज्यांची दुकाने मात्र सुनामीने आणलेली नव्हेत. होडीत बसण्याआधी नांगर कुठे टाकणार एवढे विचारावे. उत्तर नीट आले नाही तर दुसरी होडी पाहावी, होड्या पुष्कळ आहेत.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मालवणात दिवाळीच्या पाडव्याची तयारी चालली असेल. त्या दिवशी रामेश्वर आणि नारायण या ग्रामदेवतांची पालखी गावाच्या फेरीला निघते आणि किनाऱ्यावरच्या वस्तीतूनही जाते. आमच्या नावाड्याचा पाडव्याला सबंध दिवस होडी बंद. घरच्या बाईंनी सासूबाईंना पालखीला यायचे आग्रहाचे बोलावणे केले आहे, आणि सासूबाईंनी यजमानांना तिकिटाचे विचारायला लावले आहे.